टपावर तंबू की गाडीत फळी? इलेक्ट्रिक गाडी, कुंभार्ली घाट आणि आईचे गुडघे

मुळाकाठ, पुणे

नमस्कार. पाऊण लाखाचा निर्णय आहे आणि घरात दोन तट पडलेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दिवाळीत आम्ही नेक्सॉन ईव्ही घेतली, ४५ युनिटांच्या बॅटरीची. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कोकणात जायचं ठरतंय: पुणे, कऱ्हाड, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण, गुहागर. चार रात्री, आणि त्यातल्या दोन तरी उघड्यावर तारे बघत काढायच्या, असा मुलाचा हट्ट आहे. माणसं चार: आम्ही दोघं, ९ वर्षांचा मुलगा आणि माझी आई. आई ६७ वर्षांची. फिरायची हौस तिलाच सगळ्यात जास्त, पण दोन्ही गुडघे दुखरे.

नवऱ्याने एक रूफटॉप टेंट, म्हणजे गाडीच्या टपावर बसवायचा तंबू, बघून ठेवलाय. कापडी, घडीचा, तीन माणसांचा, वजन ५८ किलो. त्याचं म्हणणं, जमिनीवर विंचूकाटा नको, ओल नको, उघडला की झालं. मला भीती वाटते ती टपाची, बॅटरीची आणि आईची. एवढं वजन टपाने पेलेल का? रेंज, म्हणजे एका चार्जिंगमध्ये गाडी जाते ते अंतर, किती उतरेल? आमच्या गाडीत व्हीटूएल आहे, म्हणजे गाडीतून बाहेर २३० व्होल्ट काढता येतात, तर त्यावर इंडक्शन, छोटा फ्रिज वगैरे रात्रभर चालवलं तर सकाळी चिपळूणपर्यंत पोचू ना? आणि कोकणात घरगुती मुक्कामाला १५ अँपिअरच्या सॉकेटवर चार्जिंग करणाऱ्यांचा अनुभव काय?

कोणी प्रत्यक्ष केलं असेल त्यांनी कृपया लिहावं. दुकानदारांनी सांगितलेलं सगळं ऐकून झालंय.


कोयनाकाठ, कऱ्हाड

ताई, पोफळीच्या वीजगृहात इलेक्ट्रिकल विभागात माझी ३१ वर्षं गेली. कुंभार्ली घाट मी एसटीने, जीपने, स्कूटरवर आणि गेली तीन वर्षं इलेक्ट्रिक गाडीने उतरतोय. माझी गाडी ४० युनिटांची आहे, तिच्यात व्हीटूएल नाही. मुलीच्या गाडीत आहे, तीही वापरलीय. टपावरचा तंबू भाच्याचा. तुम्ही बघितलाय तसाच, ५८ किलोचा. तीन सहलींना नेला, मग परत केला.

आधी निकाल सांगतो आणि मग कारणं. तुमच्या घरच्या माणसांचा हिशेब धरला तर टपावरचा तंबू घेऊ नका. गाडीतली वीज हेच तुमच्याकडचं सगळ्यात मोठं सामान आहे. तिचा नीट वापर होईल अशा चार गोष्टींवर त्या पाऊण लाखातले दहा-बारा हजार घाला. बाकीचे राहू द्या.

टपाचं असं आहे की त्याला दोन आकडे असतात. गाडी उभी असताना टप किती पेलतो हा एक, आणि गाडी चालत असताना किती पेलतो हा दुसरा. उभ्या गाडीवर तंबू आणि त्यात दोन मोठी माणसं मिळून दोनशे किलो होतात, तरी ते वजन खांबांवरून शांतपणे खाली उतरतं. चालत्या गाडीत तेच ५८ किलो ब्रेक मारला की पुढे ओढतात, वळणावर बाहेर ओढतात, खड्ड्यात आदळतात. म्हणून चालतानाचा आकडा कितीतरी कमी असतो. छोट्या एसयूव्हींमध्ये तो बहुधा ५० ते ७५ किलो, आणि त्यात आडव्या क्रॉसबारचं वजनही धरायचं असतं. तुमच्या मॅन्युअलमध्ये तो शोधा. सापडला नाही तर कंपनीकडून लेखी उत्तर मागवा, तोंडी सांगितलेलं धरू नका. दुसरं म्हणजे टपावरच्या लांब दांड्या. बऱ्याच गाड्यांवर त्या नुसत्या शोभेच्या असतात, चिकटवलेल्या. त्यांना क्रॉसबार आवळला आणि घाटात निसटला तर मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याचं काय होईल ते मी लिहीत नाही.

आता रेंज. इथे सगळ्यांचा अंदाज चुकतो, माझाही चुकला होता. मला वाटलं होतं, वजन घाटात खाईल. मग कागदावर मांडलं. माणसं आणि सामान धरून गाडी १८०० किलो. चिपळूण ते घाटमाथा चढ सहाशे मीटरचा. नुसतं ते वजन वर उचलायला २.९ युनिट लागतात. त्यात ५८ किलोच्या तंबूचा वाटा किती? युनिटचा दहावा भाग. म्हणजे अर्ध्या-पाऊण किलोमीटरची रेंज. काहीच नाही.

खातो तो वारा. कऱ्हाड ते कोल्हापूर महामार्गावर मी एकाच दिवशी, एकाच वेगाने, आधी तंबूशिवाय आणि मग तंबू लावून गाडी चालवली. ताशी ८० ला तंबू नसताना १०० किलोमीटरला १४.२ युनिट, तंबू असताना १६.४. ताशी १०० ला १६.८ चे थेट २०.२ झाले. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा विरोध चौपट होतो, त्यामुळे घाटात ताशी ३५ ने जाताना फरक कळतच नाही आणि महामार्गावर काटा डोळ्यांसमोर पळतो. पेट्रोलच्या गाडीवरही हाच वारा असतो. पण तिथे इंजिन निम्म्याहून जास्त इंधन उष्णतेतच घालवतं, म्हणून वाऱ्याचा वाटा झाकला जातो. इलेक्ट्रिक गाडी मुळात कमी उधळते, म्हणून टपावरची प्रत्येक गोष्ट तिला लागते. तुमचा पुणे-कऱ्हाड टप्पा १६० किलोमीटरचा आणि सगळा महामार्ग. तंबू लावून ताशी १०० ने आलात तर त्या एका टप्प्यात पाच-साडेपाच युनिट वाऱ्यावर जातील. तेवढ्यात तुम्ही दोन रात्रींचा स्वयंपाक कराल.

घाटाबद्दल एक गोष्ट लिहितो, ती तंबू घ्या न घ्या, लक्षात ठेवा. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यातून पश्चिमेला येतं, पावणेपाचशे मीटर खाली पडतं आणि पोफळीला टर्बाइन फिरवून वाशिष्ठीला मिळतं. गाडी उतरताना तेच होतं. मोटर जनित्र होते आणि उताराची वीज बॅटरीत जाते. माझ्या गाडीत माथ्यावरून पोफळीला पोचेपर्यंत बॅटरी ३ टक्के वाढते. पण धरण काठोकाठ भरलेलं असेल तर वरून आलेलं पाणी कुठे ठेवणार? तसंच इथे. कोयनानगरला रात्रभर चार्ज करून सकाळी शंभर टक्के भरलेली गाडी घाटात घातलीत, तर बॅटरी वीज घेत नाही, मोटरचा रोध मिळत नाही आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. चार माणसं, सामान आणि टपावर तंबू असताना ब्रेक तापतात, वास येतो. कोयनानगरहून ८० ते ८५ टक्क्यांवर निघा. पोफळीनंतर चिपळूणला मुंबई-गोवा महामार्ग लागतो, तिथे जलद चार्जर आहेत, पुढे गुहागर ४५ किलोमीटरच आहे.

आता आईंचं. शिडी दोन मीटरची, ॲल्युमिनियमची, पायऱ्या अरुंद. चढताना फार त्रास नाही. उतरताना तोंड तंबूकडे करून, पाय मागे चाचपत यावं लागतं. डिसेंबरात कोयनेच्या खोऱ्यात दव इतकं पडतं की पहाटे शिडी धुतल्यासारखी ओली असते. आमची मंडळी रात्री दोनला लघवीला उतरताना शेवटच्या पायरीवरून घसरल्या, घोटा मुरगळला. तीन आठवडे पट्टी होती. त्यांचे गुडघे ठणठणीत आहेत. तुमच्या आईंना दुखऱ्या गुडघ्यांनी दिवसाही त्या शिडीवर चढवू नका, रात्री तर नाहीच.

दुसरी अडचण कोणी सांगत नाही. तंबू गाडीवर उघडला की गाडी खुंट्याला बांधलेली. रात्री कोणाला ताप आला, पोटात दुखलं, तर आधी सगळ्यांना उठवायचं, तंबू घडी करायचा, पट्टे आवळायचे, मग गाडी हलणार. अंधारात आम्हाला पंचवीस मिनिटं लागली होती. जमिनीवरचा तंबू तसाच सोडून गाडी काढता येते. म्हातारं माणूस आणि लहान मूल बरोबर असताना मला हे फार मोठं वाटतं.

मग करायचं काय? आईंना गाडीत झोपवा. मागची सीट पाडायची, पुढची डावी सीट पूर्ण पुढे सरकवायची आणि डिकीपासून फळी टाकायची. फळीची उंची खाटेएवढी येते, बसून पाय वर घेतले की झालं, गुडघा दुमडावा लागत नाही. काच दोन बोटं खाली आणि त्यावर मच्छरदाणीचं कापड. तुम्ही तिघं शेजारी जमिनीवरच्या तंबूत. खाली ताडपत्री, वर सतरंजी, मग गोधड्या. विंचूकाट्याची काळजी खरी आहे, विशेषतः कोकणातल्या जांभ्याच्या सड्यावर. तिथे फुरसं, म्हणजे छोटा विषारी साप, असतो. म्हणून सड्यावर, दगडांच्या ढिगाऱ्याजवळ, गवतात तंबू नको. घराच्या सारवलेल्या किंवा चिरे घातलेल्या अंगणात लावा, तंबूची चेन कायम बंद, चपला आत, रात्री हातात टॉर्च असल्याशिवाय पाऊल नाही. कोयनानगरला जंगलाच्या कडेला मोकळी जागा दिसली म्हणून थांबू नका, तो सगळा भाग कोयना अभयारण्याला आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाला लागून आहे. कोणाच्या तरी अंगणात, विचारून.

वीज. व्हीटूएलवर साधारण तीन किलोवॉट मिळतात, आणि रात्रीचा खर्च ऐकून तुम्हाला बरं वाटेल. गाडीत ठेवायचा छोटा कॉम्प्रेसरचा फ्रिज बारा तासांत अर्धा युनिट. इंडक्शन हजार वॉटवर तासभर चालवला तर एक युनिट. पंखा, दिवे, चौघांचे फोन मिळून पाव युनिट. पावणेदोन युनिट झाले, म्हणजे दहा-बारा किलोमीटर. महाग पडतो तो एसी. गाडीत रात्रभर एसी किंवा हीटर लावलात तर चार ते सहा युनिट जातात. डिसेंबरात त्याची गरज नाही. आईंना थंडी वाजली तर झोपण्याआधी पंधरा मिनिटं हीटर आणि मग सोलापुरी चादरीवर गोधडी. शेगडी किंवा निखारे मात्र गाडीत आणि तंबूत कधीही नाही. कोळशाचा विषारी वायू झोपेतच माणूस नेतो. इंडक्शनचा मला सगळ्यात आवडलेला गुण हाच, शिवाय समुद्रावरच्या वाऱ्यात गॅस विझतो, इंडक्शनला वारा लागत नाही.

व्हीटूएल वापरण्याआधी गाडीच्या पडद्यावर खालची मर्यादा ठरवून ठेवा. मी मुलीच्या गाडीत ३० टक्के ठेवतो, तिथे पोचलं की पुरवठा आपोआप बंद. अ‍ॅडॉप्टर चार्जिंगच्याच तोंडात बसतो, म्हणून एका वेळी एकच: चार्जिंग तरी नाहीतर स्वयंपाक तरी. गाडी रबरी टायरांवर उभी असते, घरासारखं जमिनीत गेलेलं अर्थिंग तिथे नाही. म्हणून जोडणी ओल्या जमिनीवर ठेवायची नाही, प्लास्टिकच्या क्रेटवर उचलून ठेवायची. पाण्यात घालायचा हीटिंग रॉड अजिबात वापरायचा नाही. मुलाला त्या बाजूला फिरकू द्यायचं नाही.

आणि एक कळकळीची विनंती. मुक्कामाच्या ठिकाणी लाईट गेली तर उपकार म्हणून गाडीची वीज त्यांच्या घराच्या सॉकेटमध्ये उलटी घालू नका. मी ती लाइन ३१ वर्षं जवळून बघितलीय. ती वीज घराच्या मीटरमधून बाहेर तारेवर जाऊ शकते, आणि लाइन बंद आहे असं समजून खांबावर चढलेला वायरमन जिवाला मुकतो. त्यांना दिवा द्यायचा असेल तर एक्स्टेंशन ओढून सरळ दिवाच लावून द्या.

ज्यांच्या गाडीत व्हीटूएल नाही त्यांच्यासाठी: पहिल्या सहलीत मी फ्रिज १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीला थेट तार जोडून चालवला होता. पहाटे गाडी मुकी. मोठ्या बॅटरीत ३० युनिट शिल्लक, पण तिला गाडीशी जोडणारे स्विच छोट्या बॅटरीवर चालतात, आणि ती रिकामी. पाटणहून मेकॅनिक येईपर्यंत अकरा वाजले. फ्रिजसाठी वेगळा पॉवर स्टेशनचा डबा, म्हणजे घरून चार्ज करून न्यायची सुटी बॅटरी, घ्या, अर्ध्या युनिटचा पुरतो.

चार्जिंगचं आज रात्री लिहितो, तो विषय मोठा आहे.


गोदातीर, नाशिक

काकांचं सगळं पटलं, पण टपावरच्या तंबूची बाजू कोणीतरी मांडायला हवी म्हणून लिहिते. आम्ही दोघंच, मूल नाही, दोघंही चाळिशीच्या आत, आणि आमच्याकडे कडक कवचाचा तंबू आहे, ६२ किलो. क्रॉसबार ६ किलो. आमच्या मॅन्युअलमध्ये चालतानाची मर्यादा ७५ आहे, म्हणजे बसतो, पण वर गोधडी ठेवायचीही सोय उरत नाही, सगळं अंथरूण डिकीत.

भंडारदऱ्याला, रतनवाडीच्या बाजूला, काजव्यांच्या दिवसांत पहिल्या पावसात आम्ही त्यात झोपलोय. खाली चिखल, खेकडे फिरत होते, आम्ही वर कोरडे. दोन मिनिटांत उघडतो. त्या सुखाला मी नावं ठेवणार नाही. पण पावसात मिटलेला तंबू घरी येऊन त्याच दिवशी उघडून वाळवावा लागतो, नाहीतर चौथ्या दिवशी कापडावर काळी बुरशी येते आणि ती जात नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी आधी ठरवावं, कुठे वाळवणार. आमची गच्ची आहे, तरी तंबू गाडीवरून उतरवायला तीन माणसं लागतात. म्हणून लोक तो वर्षभर टपावरच ठेवतात आणि वर्षभर रेंज घालवतात. आम्ही नोव्हेंबर ते फेब्रुवारी आणि मग जूनमधला एक आठवडा, एवढाच लावतो.

उंची मोजायला विसरू नका. आमची गाडी तंबूसकट जवळजवळ दोन मीटर होते. मॉलच्या तळघरातल्या चार्जरपर्यंत जाताना वरची लोखंडी पट्टी बघून मी दोनदा मागे फिरलेय.

काजव्यांना जाणाऱ्यांना एक विनंती: तिथे व्हीटूएलवर दिव्यांच्या माळा लावू नका. काजवे प्रकाशानेच जोडीदार शोधतात. गाडीचा दरवाजा उघडला की आतला दिवा लागतो, पडदा उजळतो, तो सगळा बंद करायची सोय आधी घरी शोधून ठेवा.


सांताक्लाराची लेक, कॅलिफोर्निया

मूळची चिपळूणची, म्हणून हा धागा वाचून राहवलं नाही. इथे आम्ही आमच्या टेस्लाच्या मॉडेल वाय मध्येच झोपतो. मागच्या सीट पाडल्या की दोघांना पुरते, आणि कॅम्प मोड लावला की रात्रभर हवा ठरवलेल्या तापमानाला राहते. टाहो सरोवर १९०० मीटरवर आहे, ऑक्टोबरात तिथे पाणी गोठायच्या जवळ जातं, एका रात्रीत आमची बॅटरी १२ टक्के उतरली होती.

पण इथली खरी सोय मैदानात आहे. मोठ्या मोटारघरांसाठी बऱ्याच कॅम्पग्राउंडवर प्रत्येक जागेशेजारी २४० व्होल्टचा ५० अँपिअरचा सॉकेट असतो. संध्याकाळी लावली की सकाळी गाडी भरलेली. कोकणातल्या एखाद्या घरगुती मुक्कामवाल्याने अंगणात नीट अर्थिंग केलेला एक सॉकेट लावला तरी तेवढंच काम होईल. माझ्या मामांना मी हेच सांगतेय, गुहागर रस्त्यावर त्यांची वाडी आहे.

एक फरक म्हणजे इथे अस्वलं. खाणं गाडीत ठेवायचं नाही, लोखंडी पेटीत ठेवायचं. अस्वल दार वाकवून आत शिरतं. तुमच्याकडे माकडं आहेत, तंबूबाहेर केळी ठेवू नका.


कोयनाकाठ, कऱ्हाड

लेकीने बरोबर ठिकाणी बोट ठेवलं. नीट अर्थिंग. आता तेच लिहितो.

गाडीबरोबर आलेला १५ अँपिअरचा चार्जर आधी अर्थिंग तपासतो. ते नसेल तर लाल दिवा, चार्जिंग नाही. तो दोष चार्जरचा नाही, तो तुमचा जीव वाचवतोय. कोकणात जांभ्याची जमीन, खाली कातळ. पावसाळ्यात अर्थिंग चांगलं लागतं, डिसेंबरनंतर खड्डा सुकतो आणि रोध वाढतो. वेळणेश्वरजवळ एका घरी असंच झालं. फेज आणि न्यूट्रलमध्ये २२६ व्होल्ट, फेज आणि अर्थमध्ये जेमतेम ९०. घरमालकांना विचारलं, खड्डा कुठे आहे? त्यांना ठाऊक नव्हतं, वडिलांच्या काळचं काम. माडाच्या आळ्याशेजारी सापडला. वर पाचोळा आणि तार गंजून तुटलेली. तार घासून नवा बोल्ट लावला, दोन बादल्या मिठाचं पाणी ओतलं, तासाभराने हिरवा दिवा. त्या घरात वॉशिंग मशीनला हात लावला की झिणझिण्या येत होत्या, त्याही थांबल्या. काकू म्हणाल्या, चार वर्षं आम्ही लाकडी पाटावर उभं राहून मशीनमध्ये कपडे टाकत होतो.

मोबाइलवर एक उपाय फिरतो: प्लगमध्येच न्यूट्रल आणि अर्थ तारेने जोडा, चार्जर फसतो. हे करू नका. कधीच नाही. न्यूट्रल कुठे तुटला तर गाडीच्या अख्ख्या पत्र्यावर वीज येते, आणि दाराला हात लावणारं पहिलं माणूस म्हणजे तुमचा मुलगा. अर्थिंग मिळालं नाही तर त्या घरी चार्जिंग नाही, दुसऱ्या दिवशी चिपळूणच्या जलद चार्जरवर जायचं. तेवढी बॅटरी राखून ठेवूनच मुक्कामाला पोचायचं.

सामान असं घ्या. तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर, दोन-तीनशे रुपयांना मिळतो, पोचल्यावर आधी तो लावायचा. हा फक्त अर्थची तार आहे की नाही सांगतो, अर्थिंग किती चांगलं ते सांगत नाही, पण पहिली चाळणी होते. दुसरं, वायरमनकडून करून घेतलेलं १५ अँपिअरचं एक्स्टेंशन, तीन कोअर तांब्याची ४ स्क्वेअर मिमीची केबल, १५ मीटर. बाजारातलं टीव्हीचं बारीक एक्स्टेंशन जळतं. केबल गुंडाळी करून ठेवायची नाही, पूर्ण उलगडायची, गुंडाळीत ती तापते. चार्जिंग सुरू झाल्यावर अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघायचा. सोसवेल इतका कोमट ठीक. चटका बसला तर बंद. खेड्यात संध्याकाळी व्होल्टेज १९० पर्यंत उतरतं, तेव्हा गाडी हळू भरते, घाबरू नका. रात्री दहानंतर वर येतं. दहा तासांत पंचवीस युनिट बॅटरीत पडतात, म्हणजे दीडशे किलोमीटर.

आणि सॉकेटमध्ये लावायचा छोटा युनिट मीटर घ्या. सकाळी आकडा घरमालकांना दाखवायचा आणि त्यांच्या बिलातल्या सगळ्यात वरच्या टप्प्याच्या दराने पैसे द्यायचे. तुमच्या एका रात्रीच्या २८ युनिटांनी त्यांचा महिना वरच्या टप्प्यात जाऊ शकतो. लोक ‘एक प्लगच तर लावलाय’ म्हणून निघून जातात आणि पुढच्या इलेक्ट्रिक गाडीवाल्याला ते घर नाही म्हणतं.


मुळाकाठ, पुणे

काका, ताई, सगळ्यांचे मनापासून आभार. दोन्ही उत्तरं मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवली. शिडीचा भाग आल्यावर तो आईकडे बघत राहिला आणि म्हणाला, राहू दे तंबू. आईने मात्र लगेच विचारलं, मग गाडीतून तारे कसे दिसणार?

दोन प्रश्न. फळीचं माप काय ठेवू? आणि इंडक्शनवर भाकरी होते का? आईला भाकरी लागते.


कोयनाकाठ, कऱ्हाड

तारे दिसतील. गाडी अशी उभी करा की डिकीचं दार पूर्वेला येईल, ते दार वर उघडं ठेवा आणि त्यावरून मच्छरदाणी सोडा. डोकं डिकीकडे करून निजायचं. त्या दिवसांत नऊच्या सुमारास मृग नक्षत्र पूर्वेला बरंच वर आलेलं असतं. झोप आली की दार लावून घ्यायचं, नाहीतर दवाने अंथरूण भिजतं.

फळी १२ मिमीच्या प्लायची, अडीच फूट रुंद. लांबी गाडीत टेप टाकून घ्या, पुढची सीट पूर्ण पुढे सरकवल्यावर मिळते तेवढी. आई पाच-सव्वापाच फुटांच्या असतील तर अडचण येऊ नये. मध्ये बिजागरी लावून दोन तुकडे करा, म्हणजे घडी डिकीत उभी राहते. पुढच्या टोकाला दोन घडीचे पाय, कारण पाडलेली सीट आणि डिकी एका पातळीत नसतात. वजन नऊ-दहा किलोच्या वर जात नाही. वर कापसाची गादी. 

भाकरी होते. तवा लोखंडी आणि बुडाला सपाट हवा, नेहमीचा खोलगट तवा चालत नाही, ॲल्युमिनियमचा तर तापतच नाही. आमची मंडळी हजार वॉटवर करतात. इंडक्शनचं वेटोळं तव्यापेक्षा लहान, म्हणून कडा कच्च्या राहतात. भाकरी सारखी फिरवत राहायची. जाळावर टाकून फुगवता येत नाही, तव्यावरच फडक्याने कडेकडेने दाबायची, पापुद्रा सुटतो. पिठलं आधी करून घ्या आणि इंडक्शन भाकरीला मोकळा ठेवा.

फळीच्या खालच्या कडा आतल्या प्लास्टिकला घासतात, तिथे सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या चिकटवा. कऱ्हाडला चार्जिंगला थांबाल तेव्हा आदल्या दिवशी इथे निरोप टाका. माझ्याकडे दोन सॉकेट टेस्टर आहेत, एक घेऊन जा, परतताना द्या.